थीम पार्कच्या समीक्षेत मूल कोठे आहे? : डिस्नीलँड आणि कुटुंबाची सहल

प्रस्तावना

डिस्नीलँडची समीक्षा हा पाश्चात्त्य सांस्कृतिक अभ्यासातील एक जुना, आता काहीसा झिजलेला परिपाठ होय. लुई मारँ (१९७३), उम्बर्तो इको (१९७५) आणि ज्याँ बोद्रियार (१९८१) या तिघांनी घालून दिलेल्या वाटेवरून पुढील अनेक अभ्यासक चालत आले आहेत. आपल्याकडील विद्यापीठांतही उत्तर-आधुनिकतेवरील प्रकरण शिकवताना डिस्नीलँडचे उदाहरण हमखास येते. प्रस्तुत लेखिकेनेही एम.फिल.च्या काळात ते टिपणवहीत उतरवून घेतले होते आणि पुढे पदव्युत्तर वर्गाला ते अनेक वर्षे जसेच्या तसे सांगितले. त्यानंतर सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन आपल्याच देशातील एका थीम पार्कमध्ये एक संपूर्ण दिवस घालवण्याचा योग आला. त्या दिवशी टिपणवहीतील एकही वाक्य कामास आले नाही.

हे केवळ अनुभवकथन म्हणून नोंदवलेले नाही. लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी जे स्थळ उभारले गेले, त्या स्थळाच्या गाजलेल्या सिद्धान्तनात मुलाला जागाच नसेल, तर तो सिद्धान्ताचा गंभीर दोष मानावा लागेल. तो दोष नेमका कोठे आहे, आणि तो दूर केल्यास थीम पार्क निर्दोष ठरतो की अधिकच सदोष, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जत्रा, बाग आणि पार्क

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या १६० एकर जमिनीवर डिस्नीलँड उभे राहिले आणि १७ जुलै १९५५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. करमणुकीच्या बागा त्यापूर्वीही होत्या. कोपनहेगनचे तिवोली उद्यान १८४३ पासूनचे, तर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील स्टीपलचेस पार्क १८९७ चे आणि लूना पार्क १९०३ चे. परंतु या बागांत पाळणे, फिरते घोडे आणि खाद्यपदार्थांची दुकाने शेजारी शेजारी मांडलेली असत. त्यांना बांधणारी कथा नव्हती. वॉल्ट डिस्ने यांनी संपूर्ण जागेभोवती मातीचा उंच बांध घातला, त्यावरून आगगाडी फिरवली आणि आतल्या माणसाला बाहेरचे शहर दिसणार नाही अशी व्यवस्था केली. आत शिरल्यावर प्रथम ‘मेन स्ट्रीट’ लागते. डिस्ने यांचे बालपण ज्या मार्सलीन या मिझुरी राज्यातील छोट्या गावात काही वर्षे गेले, त्याच्या स्मृतीवरून ती रचली आहे. इमारतींचे वरचे मजले क्रमाने लहान बांधल्यामुळे त्या आहेत त्यापेक्षा उंच भासतात. चित्रपटाच्या नेपथ्यातील ही क्लृप्ती त्यांच्या कलावंतांच्या हातात मुरलेली होती. दूरवर दिसणारा राजवाडा अवघा ७७ फूट उंच आहे, हे अनेकांना सांगूनही पटत नाही.

आपल्या जत्रेशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. जत्रेला तिथी असते, देव असतो आणि वेस ओलांडली की जत्रेत शिरता येते. पाळण्यात बसावयाचे तर पाळणेवाल्याच्या हातावर पैसे ठेवावेत. न बसता नुसते पाहत उभे राहिले तरी कोणी हाकलीत नाही. डिस्नीलँडच्या आरंभीच्या काळात याच्याशी दूरचे साम्य होते. १९५५ मध्ये मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना पन्नास सेंट एवढे प्रवेशमूल्य होते व प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका आली. खेळांची प्रतवारी अक्षरांनी होई. १९५९ पासून ‘ई’ हे अक्षर सर्वांत थरारक खेळांसाठी होते. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली आणि एकदा प्रवेशमूल्य दिले की सर्व खेळ खुले, अशी व्यवस्था आली.

हा बदल हिशेबाचा वाटतो, पण कुटुंबाच्या दृष्टीने याहून मोठा बदल दुसरा झाला नसावा. जत्रेत मूल दमले, रडू लागले, तर आई त्याला कडेवर घेऊन घरी निघते. बुडाले तर एका फेरीचे पैसे बुडतात. सर्वसमावेशक तिकिटात मुलाचा थकवा हाच तोटा होतो. दुपारी दोन वाजता डोळे मिटू लागलेल्या मुलाकडे पाहताना पालकाच्या मनात जो शब्द येतो तो मराठीत मोठा नेमका आहे : वसूल. आम्ही त्या दिवशी पन्नास मिनिटे एका रांगेत उभे राहिलो. पाळी आली तेव्हा मुलीने शांतपणे सांगितले, “मला नाही बसायचं.” तिला तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. तरीही मी आणि तिचे बाबा, दोघांनी मिळून तिची जी मनधरणी केली, तीत तिच्या आनंदाची काळजी किती होती आणि तिकिटाची किती, हे आजही मला खात्रीने सांगता येणार नाही.

तीन वाचने

मारँ यांनी डिस्नीलँडला ऱ्हास पावलेला यूटोपिया म्हटले. यूटोपिया प्रस्थापित समाजाला प्रश्न विचारतो. येथे मात्र प्रस्थापित समाजाची स्वतःविषयीची मिथककथाच नकाशाच्या रूपाने मांडली आहे, असे त्यांचे प्रतिपादन. इको यांनी बारकावे अधिक टिपले. मेन स्ट्रीटवरील घरे खेळण्यातली दिसतात. आत शिरले की ती वेषांतर केलेली दुकाने निघतात आणि आपण खेळत आहोत अशा समजुतीत माणूस खरेदी करीत राहतो, हे त्यांचे निरीक्षण पन्नास वर्षांनंतरही अचूक आहे. त्यांचे दुसरे उदाहरण मगरीचे. खरी मगर झोपलेली असते किंवा दिसतच नाही. यांत्रिक मगर मात्र नेमून दिलेल्या क्षणी जबडा उघडते. परिणामी निसर्गापेक्षा तंत्रज्ञान अधिक ‘वास्तव’ देते, अशी पाहणाऱ्याची धारणा होते. इको यांच्या या संकल्पनेसाठी मराठीत ‘अतिवास्तव’ हा शब्द वापरणे गैरसोयीचे आहे, कारण तो सररिॲलिझमसाठी रूढ झाला आहे. येथे ‘अधिवास्तव’ असे म्हटले आहे.

बोद्रियार यांची मांडणी सर्वांत प्रसिद्ध. डिस्नीलँड काल्पनिक म्हणून सादर केले जाते ते बाहेरची अमेरिका खरी आहे असे वाटावे म्हणून; वस्तुतः बाहेरही सारे प्रतिरूपणच आहे. ते जग बालिश ठेवले जाते तेही प्रौढ माणसे बाहेर, ‘खऱ्या’ जगात आहेत असा भास टिकावा यासाठी. प्रत्यक्षात बालिशपणा सर्वत्र आहे, विशेषतः मूल होण्यासाठी तेथे जाणाऱ्या प्रौढांत.

या मांडणीचा दबदबा कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. बोद्रियार यांच्या परिच्छेदात बालिशपणा आहे, बालक नाही. मूल हे तेथे प्रौढांच्या एका अवस्थेचे रूपक आहे. त्यांचे आणि इको यांचे निवेदन वाचताना डोळ्यांसमोर उभा राहतो तो एकटा चालणारा, मोकळ्या हातांचा, विद्वान पुरुष. त्याच्या खांद्यावर पिशवी नाही, पिशवीत बदलण्याचे कपडे नाहीत, आणि शौचालय किती अंतरावर आहे हे त्याला विचारावे लागत नाही. बोद्रियार आतल्या गर्दीच्या उबेशी बाहेरच्या वाहनतळावरील एकाकीपणाचा विरोध दाखवतात. मोठा प्रभावी विरोध आहे तो. परंतु लहान मुलांच्या आईला विचारावे : वाहनतळ म्हणजे दोन्ही मुले मागच्या आसनावर एकाच वेळी झोपी जाण्याची जागा. दिवसभरातील तिचा पहिला निवांत क्षण तेथे असतो.

एखादा अभ्यासक यावर म्हणेल की हा किस्सा झाला, खंडन नव्हे. ते मान्य आहे. मात्र स्थळाचा अर्थ त्यात वावरणाऱ्या देहांवाचून लागत नाही, हे मान्य केले तर कोणत्या देहाच्या आधारे अर्थ लावला हा प्रश्न टाळता येत नाही. मेन स्ट्रीटवरील इमारतींच्या उंचीचा भास पाच-साडेपाच फुटांवरच्या डोळ्यांना जाणवतो. सव्वातीन फुटांवरून पाहणाऱ्यापुढे गर्दीत मोठ्यांच्या पाठी, पिशव्या आणि बाबागाडीची चाके येतात.

लुटुपुटूचा प्रश्न

येथे एक अधिक मूलभूत अडचण उद्भवते. नक्कल अस्सलापेक्षा खरी वाटते, असे म्हणण्यासाठी अस्सलाची स्मृती असावी लागते. साडेतीन वर्षांच्या मुलाने मगर पाहिलेलीच नाही. त्याच्यासाठी यांत्रिक मगर ही पहिली मगर होय, आणि तो तिला घाबरून आईच्या मानेत तोंड लपवतो. मग बोद्रियार यांचा मूळ नसलेल्या प्रतिमेचा आदर्श ग्राहक हे मूलच ठरते काय? वरवर पाहता तसे वाटते. पण मुलांच्या खेळाशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला हे उत्तर पटणार नाही.

मराठीत यासाठी एक शब्द आहे जो या संपूर्ण चर्चेत उपयोगी पडावा : लुटुपुटू. भातुकलीत मुलगी लुटुपुटूचा भात वाढते, पाहुणे लुटुपुटूचे जेवतात, ‘छान झालाय’ म्हणतात. त्याच वेळी खऱ्या वाटीत खरे चुरमुरे हवेत असा तिचा आग्रह असतो, आणि पाहुण्याने वाटीतले खडे खरोखर तोंडात घातले तर ती ओरडते. खोटे आणि खरे यांतील सीमा ती क्षणोक्षणी ओलांडते, पण विसरत नाही. अधिवास्तवाच्या सिद्धान्ताला जी सीमा पुसली गेल्यासारखी वाटते, ती मुलाच्या हातात शाबूत असते. किंबहुना ती सीमा हेच त्याचे खेळणे असते. आमच्या मुलानेही पाच मिनिटांनी मानेतून डोके काढून विचारले, “तिला कोण चावी देतं?”

याचा अर्थ थीम पार्क निरुपद्रवी आहे असा नाही. भातुकलीत लुटुपुटू मूल स्वतः निर्माण करते. दगडाचा लाडू तिच्या शब्दाने होतो. थीम पार्कमध्ये लुटुपुटू तयार मिळते. राजवाडा आहे, राजकन्या आहे, तिचे कपडे दुकानात आहेत, आणि काय घडणार हे ठरलेले आहे. मुलाकडे उरते पाहणे आणि किंचाळणे. डिस्नीच्या परिभाषेत तेथील कर्मचाऱ्यांना नटसंचातील सदस्य म्हणतात, ग्राहकांना पाहुणे. पाहुण्याने नाटकात शिरावयाचे नसते. इको यांनी प्रौढांबाबत खरेदीचा मुद्दा मांडला; मुलांबाबत हानी निराळी आहे. मुलाची फसवणूक होत नाही, ते बेकार होते.

आणि तरीही, जेथे संयोजकांनी काहीच ठेवलेले नाही तेथे मूल पुन्हा कामाला लागते. रांगेतील दांड्यांना लोंबकळणे, साखळीची आगगाडी करणे, पुढच्या कुटुंबातील अनोळखी मुलाशी बोटांची लढाई खेळणे. त्या दिवसाची छायाचित्रे पाहताना मुलांनी सर्वाधिक आठवणी रांगेतल्या सांगितल्या.

पट्टी आणि बाक

डिस्नीलँडच्या जन्माची एक कथा वॉल्ट डिस्ने स्वतः मुलाखतींत सांगत. शनिवार हा मुलींना फिरायला नेण्याचा बाबांचा दिवस. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये दोन्ही मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसून राहत असू; पालक आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असावी, असे तेथे सुचले. या कथेकडे अभ्यासकांनी सहसा प्रसिद्धीतंत्र म्हणून पाहिले. मला ती गांभीर्याने घ्यावीशी वाटते, कारण तीत पार्काने दिलेले मूळ वचन आहे : बाकावरून उठण्याचे.

हे वचन उंची मोजण्याच्या पट्टीपाशी मोडते. अनाहाइमच्या मॅटरहॉर्न या घसरगाडीसाठी (१९५९) आज ४२ इंच उंची लागते, ‘स्पेस माउंटन’साठी (१९७७) ४० इंच. सुरक्षेच्या दृष्टीने हे नियम योग्यच होत. त्यांच्याविरुद्ध बोलणारे पालक बेजबाबदार म्हटले पाहिजेत. मात्र त्यांचा परिणाम असा की ज्या कुटुंबात एक मूल सहा वर्षांचे आणि दुसरे साडेतीन वर्षांचे आहे, ते कुटुंब पट्टीपाशी दुभंगते. मोठे मूल एका पालकासह आत जाते. धाकटे मूल आणि दुसरा पालक बाहेर राहतात. पार्काने यावर तोडगाही काढला आहे : पहिला पालक परतल्यावर दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता जावे. तोडगा सोयीचा आहे. तरी बाहेर राहणारा पालक कोठे बसतो? बाकावर. वॉल्ट डिस्ने ज्या बाकावरून उठले, तेथे आता धाकट्या मुलाची आई बसते. ‘आई’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरते. त्या दुपारी मी बसले होते त्या लांब बाकांवर आम्ही नऊ जणी होतो आणि दोन आजोबा.

आमच्या मुलाची उंची दोन बोटे कमी पडली. पट्टीपाशी उभा असलेला तरुण कर्मचारी सौम्य होता. त्याने गुडघ्यावर बसून “पुढच्या वर्षी ये हं” असे सांगितले. मुलाला ‘पुढचे वर्ष’ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्याने टाचा उंचावून पाहिल्या.

तिकिटाच्या हिशेबातही मुलाचे वय असेच मोजले जाते. डिस्नीच्या अमेरिकेतील पार्कांत तीन वर्षांखालील मूल विनामूल्य, तीन ते नऊ बाल, आणि दहाव्या वर्षी प्रौढ. आपल्या एस.टी.त अर्धे तिकीट पाच ते बारा वर्षांचे. बालपण केव्हा संपते याची उत्तरे तिकीटखिडक्यांवर इतकी निरनिराळी मिळतात, याचा बालसाहित्याच्या अभ्यासकांनी कधीतरी विचार करावा.

रांगेविषयी आणखी एक. १९९९ मध्ये डिस्नीने वेळ राखून ठेवण्याची ‘फास्टपास’ पद्धत आणली ती विनामूल्य होती. २०२१ पासून जलद रांगेसाठी जादा पैसे मोजावे लागतात. आपल्याला याचे नवल वाटू नये, कारण अनेक देवस्थानांत सशुल्क दर्शनाची वेगळी रांग आपण पाहतो. फरक एवढाच की देवळात मूल प्रश्न विचारीत नाही, किंवा विचारले तर त्याला गप्प केले जाते. येथे ते मोठ्याने विचारते : “ती मुलं आपल्यानंतर आली ना?” याचे खरे उत्तर एका वाक्यात देता येते, आणि ते देताना पालकाची जीभ अडखळते.

एकाच होडीत

समीक्षकांनी ज्या खेळाची सर्वाधिक टिंगल केली असेल तो ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी, युनिसेफच्या सन्मानार्थ, तो तयार झाला आणि १९६६ मध्ये अनाहाइमला आला. चित्रकार मेरी ब्लेअर यांची रंगयोजना त्याला लाभली. जगभरच्या मुलांच्या बाहुल्या एकच गाणे गातात. पोशाख वेगवेगळे, चेहरे जवळजवळ एकच. वैविध्याला वेषभूषेपुरते उरवणारा हा विश्वबंधुत्वाचा देखावा आहे, ही टीका योग्य आहे आणि मी ती वर्गात यापुढेही मांडेन.

पण त्या खेळाला उंचीची पट्टी नाही. तान्हे मूल मांडीवर घेऊन आजीसह सारे कुटुंब एका होडीत बसू शकते. बाहेर ऊन, आत गारवा. दहा-पंधरा मिनिटे कोणाला उभे राहावे लागत नाही. बाकाचे वचन या एका होडीत तरी पाळले गेले आहे. वैचारिकदृष्ट्या सर्वांत सदोष खेळ हा कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत उदार ठरतो, या विसंगतीचे काय करावयाचे? मला वाटते, ती सोडवण्याची घाई करू नये. प्रतिमांची समीक्षा आणि आसनांची समीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आजवर आपण पहिलीच केली.

आपल्याकडे

भारतात ही परंपरा दिल्लीच्या अप्पू घरापासून (१९८४ ते २००८) आणि गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून (१९८९) सांगितली जाते. परंतु या दोन्ही ठिकाणी मुख्यतः पाळणे होते, कथा नव्हती. कथेभोवती रचलेला पार्क महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झाला. तेथील ‘मिस्टर इंडिया’ हा खेळ हिंदी चित्रपटावर, तर ‘राजासॉरस’ हा नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ मध्ये नामकरण झालेल्या डायनोसॉरवर बेतलेला आहे. स्थानिक कथाद्रव्य वापरण्याचा हा प्रयत्न स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. मात्र तो अभ्यास करणाऱ्याने शक्यतो एखादे लहान मूल सोबत न्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. आपल्या कुटुंबांची रचनाही येथे विचारात घ्यावी लागेल. आपण चौघे जात नाही. आजी-आजोबा, आत्या, मावसभावंडे असे दहा-बारा जण डबे घेऊन निघतो, आणि डबे प्रवेशद्वारापाशी ठेवावे लागतात तेव्हा सहलीतील आजीचे स्थानच बदलते. ती आता वाढणारी राहत नाही. तिला बसावयाला बाक तेवढा मिळतो.

सहलीनंतर आठ दिवसांनी घरी परतले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्च्यांची ओळ मांडलेली होती. मुलगा लाकडी फूटपट्टी घेऊन उभा होता. बाहुल्यांना त्याने आत सोडले होते, बहिणीला दोनदा मोजून सोडले होते. माझ्या सासूबाई त्याच्यापुढे वाकून उभ्या होत्या. त्याने पट्टी त्यांच्या गुडघ्याला लावली, थोडा विचार केला, आणि “आजी, पुढच्या वर्षी ये हं,” असे सांगून त्यांना खुर्चीवर बसवले.